गच्चीवर हिरवळ, पण आधी स्लॅबची विचारपूस

कल्याणच्या दूध नाक्यापासून ठाण्याच्या राबोडीपर्यंत आणि मुंब्रा-कौशापासून डोंबिवलीपर्यंत, जुन्या इमारतींत सर्वात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांना उन्हाळा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. मार्च संपता संपता छत तापू लागते. मुंबईला दुपारी समुद्राचे वारे मिळतात, पण खाडीच्या आत कल्याण-बदलापूरकडे ते पोहोचेपर्यंत पारा चाळीसच्या घरात गेलेला असतो. त्यात घामाने जीव नकोसा करणारा दमटपणा. पुरुष मंडळी कामावर जातात, मुले शाळा-मदरशात जातात. त्या तापलेल्या छताखाली दिवस काढतात त्या घरातल्या स्त्रिया, आजारी माणसे, दादी-नानी आणि पाळण्यातली बाळे. शिवणकाम करून घराला हातभार लावणाऱ्या भगिनीही त्यांत आल्या.

काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर तीच उष्णता खाली सोडतो. म्हणून इशाच्या नमाजनंतर बाहेर हवा बरी वाटते, पण घरात पंखा गरम वारा टाकत असतो. एसी सर्वांना परवडत नाही, आणि बसवला तरी विजेचे बिल आहेच. म्हणून आमच्याकडे एक प्रश्न वारंवार येतो: गच्चीवर माती टाकून हिरवळ लावली तर घर थंड होईल का?

उत्तर आहे, होईल. पण आपल्या भागातल्या जुन्या घरांसाठी हे उत्तर इथे थांबत नाही. हिरवळ किती गारवा देईल, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की ते छत किती वजन पेलू शकेल?

मातीचे छत आपल्याला नवे नाही

छतावर माती ही परदेशातून आलेली कल्पना नाही. मराठवाडा-सोलापूरकडून ठाणे जिल्ह्यात येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना माळवदाची घरे ठाऊक आहेत. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर चाळीस-बेचाळीस अंश असताना आत बसवते, ते याच थरामुळे. कोकणी मुस्लिम घरांतही पावसाळ्यात अंगणातल्या मांडवावर आणि पडवीच्या कौलांवर दुधी, पडवळ, काकडीचे वेल चढायचे. छतावर सावली आणि ताटात भाजी.

मुंबईचे हँगिंग गार्डन अनेक वाचकांनी पाहिले असेल. मलबार हिलवरची ही बाग म्हणजे पाण्याच्या प्रचंड टाकीचे छप्परच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयावर माती पसरून ती तयार झाली. आपल्या दमट, पावसाळी हवेत छतावरची बाग शंभर वर्षांहून अधिक काळ टिकू शकते, याचा याहून मोठा पुरावा कोणता? मात्र तो जलाशय पहिल्यापासून भक्कम बांधलेला होता.

माळवदाची दुसरी बाजूही आठवली पाहिजे. माळवद गळू लागले की लोक वर आणखी माती टाकत. वर्षानुवर्षे असे करता करता काही घरांवर दोन-दोन फूट मातीचा थर झाला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या कमकुवत भिंती आणि डोक्यावरचे ते अवजड छत, हे इतक्या मृत्यूंचे मोठे कारण ठरले. उन्हात गारवा देणाऱ्या मातीनेच झोपेतल्या माणसांना गाडले.

मातीचे वजन किती?

थोडा हिशेब करू. एक चौरस फूट जागेवर एक इंच जाडीचा मातीचा थर पावसात पूर्ण भिजला, की त्याचे वजन चार किलोच्या वर जाते. सहा इंच माती म्हणजे चौरस फुटाला सुमारे २५ किलो. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर असा थर टाकला तर डोक्यावर साडेबारा टन वजन आले. माल भरलेला एक मोठा ट्रक गच्चीवर कायमचा उभा केल्यासारखेच हे झाले.

आता स्लॅब किती वजनासाठी बांधतात ते पाहू. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलो जादा भार धरला जातो. चौरस फुटाला हा भार साधारण १४ किलो होतो. म्हणजे नियमाने बांधलेल्या, धडधाकट इमारतीतही चार इंच साधी माती पावसाळ्यात ही मर्यादा ओलांडते.

आणि आपल्या अनेक जुन्या इमारतींच्या डोक्यावर आधीच ओझे आहे. गळती थांबवण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात. चार इंच कोब्याचे वजन चौरस फुटाला १५ किलोच्या पुढे जाते. पहिला कोबा बांधतानाच हिशेबात धरलेला असू शकतो. पण दहा वर्षांनी तो न फोडता त्यावर दुसरा घातला, मग चायना चिप्स बसवल्या, वर पाण्याच्या दोन जादा टाक्या आल्या, पत्र्याची शेड आली. हे कोणी मोजले?

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. कल्याणला रेतीबंदर आहे, मुंब्र्यालाही आहे. खाडीची रेती नीट न धुता काँक्रीटमध्ये वापरली, तर तिच्यातले मीठ आतल्या सळयांना गंजवते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला तडा देते आणि छताचे पोपडे खाली पडू लागतात. घाईने आणि परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या इमारतींत तर नकाशा, इंजिनिअर, सळईचे माप यांपैकी कशाचाच भरवसा नसतो. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जीव गेले. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम सुरू होते. तिथला स्लॅब कोसळला, तो खालच्या मजल्यांना घेऊन आला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. जुन्या स्लॅबवर कोणतेही काम काढण्यापूर्वी ही घटना आठवावी.

आधी तपासणी, मग बाग

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणे बंधनकारक आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. त्यांतील वर्ग समजून घ्या. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, इमारत रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आपली इमारत पहिल्या दोन वर्गांत असेल तर बागेचा विषय सोडून द्यावा. तिथे प्रश्न जिवाचा आहे. सी-२बी असेल तर आधी दुरुस्ती पूर्ण होऊ द्यावी. इमारत समूह विकासात किंवा पुनर्बांधणीत जाणार असेल तर मोठा खर्च करण्यात अर्थ नाही.

इंजिनिअर येण्यापूर्वी घरातली माणसेही काही गोष्टी पाहू शकतात. वरच्या मजल्याच्या छताला तपकिरी डाग आहेत का? सळईच्या रेषेत सरळ भेगा आहेत का? काठीने हळूच ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का? बीम आणि कॉलमच्या जोडावर चिरा दिसतात का? यांतले एकही लक्षण दिसले तर माती, कुंड्या, ड्रम काहीही वर नेऊ नका.

इंजिनिअर हातोडीसारख्या उपकरणाने काँक्रीटचा कडकपणा तपासतो, ध्वनिलहरींनी आतल्या पोकळ्या शोधतो, गरज पडल्यास छोटा गाभा काढून प्रयोगशाळेत पाठवतो. त्याच्याकडून एकच गोष्ट लेखी मागावी: या गच्चीवर आता चौरस मीटरला आणखी किती किलो भार चालेल? हा आकडा हाती आल्याशिवाय बाग विकणाऱ्या कोणाशीही बोलू नये.

गच्ची एकट्याची नसते

सोसायटीच्या इमारतीत गच्ची सर्वांची असते. वरच्या मजल्यावर घर आहे म्हणून गच्ची आपली होत नाही. सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी आणि ती इतिवृत्तात नोंदवावी. मुंब्रा-कौशात आणि इतरत्र अनेक इमारतींची सोसायटीच नोंदलेली नाही. तिथे सर्व रहिवाशांच्या सह्यांचा साधा करार तरी करावा. देखभाल कोण करणार, गळती झाली तर खर्च कोणाचा, बाग काढायची वेळ आली तर कोण काढणार, हे त्यात असावे.

हा केवळ कायद्याचा भाग नाही. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या दीनने किती ताकीद दिली आहे, हे आपण जाणतो. स्वतःचे नुकसान होऊ देऊ नये आणि दुसऱ्याचेही करू नये, हे तर शरीयतचे मूळ तत्त्व आहे. आपल्या गारव्यासाठी खालच्या घराच्या भिंतीला ओल येत असेल, तर त्या गारव्यात बरकत कुठून येणार? झाड लावणाऱ्याला, त्याचे फळ माणूस, पक्षी किंवा जनावराने खाल्ले तरी सदक्याचे पुण्य मिळते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. ती आठवूनच हे काम करावे, आणि शेजाऱ्याचा हक्क सांभाळून करावे.

छत मजबूत असेल तर

इंजिनिअरने परवानगी दिली, तर हिरव्या छताचे थर खालून वर असे येतात.

सर्वात खाली जलरोधक थर. जुना, पोकळ झालेला कोबा आधी फोडून खाली उतरवावा. त्यामुळे वजनही कमी होते. भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई द्यावी, गवंडी तिला वाटा म्हणतात. जलरोधक थर कठड्यावर फूटभर वर चढवावा. मग पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी भरावे आणि ४८ तास ठेवावे. खालच्या छतावर एक थेंबही दिसता कामा नये. माती टाकल्यावर गळती शोधायची म्हणजे सगळी बाग उचलावी लागते.

त्यावर मुळांना अडवणारी जाड प्लास्टिकची शीट. त्यावर पाणी वाहून नेणारा पोकळ खणांचा थर, बाजारात त्याला ड्रेन सेल म्हणतात. त्यावर माती अडवून पाणी जाऊ देणारे जिओटेक्स्टाइल कापड. आणि सर्वात वर झाडांसाठी हलके मिश्रण.

हे मिश्रण म्हणजे शेतातली माती नव्हे. कोकोपीट, कंपोस्ट, पालापाचोळा आणि थोडी माती मिसळली, तर भिजल्यावरही वजन साध्या मातीच्या निम्म्याच्या आसपास राहते. चार इंच थर गवत आणि छोट्या वनस्पतींना पुरतो.

ठाण्याचा पाऊस वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पाइपाचे तोंड पानांनी बुजले आणि गच्चीवर चार इंच पाणी साठले, तर चौरस फुटाला नऊ किलोंहून जास्त भार वाढतो. म्हणून प्रत्येक तोंडाभोवती फूटभर जागा खडीने मोकळी ठेवावी, जाळी बसवावी आणि पावसाळ्यात दर आठवड्याला हात घालून साफ करावी. पाणी साठू दिले तर डेंग्यूचे डासही होतात.

लावायचे काय? उन्हात तग धरणारे आणि मुळे उथळ असणारे: ऑफिस टाइम, घोळ, कोरफड, पानओवा, गवती चहा, रताळ्याचे वेल, दूर्वा. पुदिना आणि मायाळू थोड्या सावलीत. वड, पिंपळ, उंबर यांचे रोप पक्ष्यांच्या विष्ठेतून आपोआप उगवते. ते दिसताच मुळासकट काढा, नाहीतर त्याची मुळे स्लॅबच्या भेगेत शिरतात. शेवगा, आंबा, नारळ यांना गच्चीवर जागा नाही.

पाण्याचाही हिशेब हवा. मे महिन्यात ५०० चौरस फूट हिरवळीला रोज २०० लिटरच्या पुढे पाणी लागते. ज्या वस्त्यांत उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे पिण्याचे पाणी गवताला घालणे योग्य नाही. वजूचे पाणी मात्र कामी येईल. एका वजूला दोन लिटर धरले, तरी पाच नमाजी असलेल्या घरात पाच वेळचे मिळून ५० लिटर होतात. साबण नसलेले हे पाणी, तांदूळ-भाजी धुतलेले पाणी आणि एसीचे पाणी बादलीत जमवले, तर छोटी बाग त्यावर जगते. मशिदीच्या वजूखान्याचे पाणी तर याहून कितीतरी जास्त. मशिदीच्या विश्वस्तांनी याचा विचार जरूर करावा.

छत कमकुवत असेल तर

आपल्या बहुतेक वाचकांसाठी महत्त्वाचा भाग हाच आहे. जुन्या इमारतीला पूर्ण हिरवे छत झेपत नसेल, तरी गारवा मिळवता येतो.

सर्वात हलका उपाय म्हणजे पांढरा रंग. ऊन परतवणारा पांढरा लेप छताला दिला, की घरातले तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते. वजन जवळजवळ शून्य. अहमदाबादने हा उपाय आपल्या उष्णता आराखड्यात घेतला आणि तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणले. साधा चुना डिंक घालून लावला तरी एक उन्हाळा निघतो, पण पावसानंतर पुन्हा लावावा लागतो. छत धुळीने काळवंडले की फायदा घटतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये एकदा झाडून धुवावे. पत्र्याच्या घरांनाही हा लेप चालतो.

दुसरा उपाय सावलीचा. हिरवी जाळी बांबूवर ताणून बांधली, की स्लॅबवर थेट ऊन पडत नाही. जाळी कठड्याला पक्की बांधावी आणि वादळी वाऱ्यापूर्वी, म्हणजे मेच्या अखेरीस, उतरवावी. कौलारू किंवा तळमजल्याच्या घरांनी अंगणातल्या मातीत दुधी, घोसाळी, कृष्णकमळ लावून वेल मांडवावर चढवावेत. माती जमिनीवर राहते आणि सावली छतावर येते.

तिसरा उपाय मोजक्या कुंड्यांचा, तोही इंजिनिअरने नकार दिला नसेल तरच. मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि पालापाचोळा वापरून भाज्या-फळांची बाग फुलवली. मातीऐवजी असे हलके कुजणारे पदार्थ वापरण्याची पद्धत आपल्याकडे चांगली रुजली आहे. फूटभर रुंद-उंच पिशवीत साधी माती भरली, तर भिजल्यावर ती ३५ ते ४० किलो होते. उसाची चिपाडे, सुका पाला आणि कंपोस्टने भरली तर त्याच्या निम्मी. या पिशव्या स्लॅबच्या मध्यभागी गर्दीने ठेवू नयेत. खाली जिथे बीम किंवा भिंत आहे त्या रेषेवर, अंतर सोडून ठेवाव्यात. कठड्यावर, छज्जावर आणि बाहेर आलेल्या बाल्कनीच्या टोकाला कधीच नको. २०० लिटरचा ड्रम मातीने भरला तर साडेतीनशे किलोंच्या वर जातो. जुन्या गच्चीवर तो नेऊच नये.

घरात बीमार किंवा वयस्क माणूस असेल, तर हे सगळे होईपर्यंत वाट पाहू नका. दुपारी पश्चिमेची खिडकी बाहेरून झाकावी. रात्री आडव्या दोन खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी. जमिनीलगत झोपावे, कारण छताची झळ तिथे कमी लागते. गच्चीला पांढरा लेप द्यायला दोन माणसांना एक दिवस पुरतो, आणि तो वरच्या मजल्यावरच्या घराच्या उपयोगी पडतो. मोहल्ल्यातल्या तरुणांनी उन्हाळ्याच्या तोंडावर एकेक इमारत घेतली, तर त्यात एखाद्या विधवेचे, एखाद्या आजाऱ्याचे घर नक्की येईल. हाही सदकाच आहे.

अल्लाह आपल्या सर्वांची घरे सलामत ठेवो आणि त्यांत सुकून देवो. आमीन.

गच्चीवर काही नेण्यापूर्वी

१. इमारतीचे वय आणि महापालिकेच्या यादीतील वर्ग पाहा.
२. वरच्या मजल्याच्या छताला भेगा, डाग, पोपडे आहेत का ते तपासा.
३. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून जादा भाराचा आकडा लेखी घ्या.
४. सोसायटीची मंजुरी किंवा सर्व रहिवाशांची लेखी संमती घ्या.
५. ४८ तास पाणी भरून गळतीची चाचणी करा.
६. शंका असेल तिथे पांढरा लेप आणि सावली, माती नको.